सासऱ्याला घंटी

तुम्ही हसाल, पण घंटी वाजवायची लाज वाटली म्हणून मरता मरता वाचलेला माणूस मी. लढाईचे दिवस होते. लग्नाला महिना झालेला, आणि मागून आणलेल्या सायकलीवर मी नगरहून सासरवाडीला, सुप्याला निघालो होतो. सुप्याच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक गेला. पुढे रस्त्याच्या मधोमध कोणी फेटेवाला चाललेला. जवळ जातो तर आमचे सासरेच, पाठमोरे! समोरून लष्कराची लॉरी येत होती. हाक मारावी तर मामा वळून तिथंच उभे राहणार. अंगठा घंटीवर होता, पण सासऱ्याला घंटी वाजवून बाजूला सारायचं? शेवटी डोळे मिटले आणि सायकल बाभळीत घातली.

मामा धावत आले. माझ्या दंडातले काटे काढता काढता म्हणाले, "घंटी न्हाई व्हय सायकलीला?"

"आहे की. पण तुम्हाला कशी वाजवायची, मामा?"

त्यांचा हात थांबला.

"आन् तुमी लॉरीखाली गेला असता, तर पोरीला काय सांगायचं हुतं मी? तुज्या नवऱ्यानं माजा लई मान राखला म्हनून?"