अर्धी चावी

हॅलो?… हो, मीच. खाली आहे, गाडीपाशी… अगं नाही, मला काही झालं नाही. गाडीची बॅटरी उतरलीय… हो, बाबांच्या गाडीची. कोपऱ्यावरचे मेकॅनिक आलेत ना… दिलं, पाणी दिलं त्यांना. तू आधी ऐक तर!

सकाळी चावी फिरवली, तर गाणंच लागेना… गाणं गं, रेडिओ! दर रविवारी येते की मी खाली. हॉस्पिटलात बाबांनी सांगितलं नव्हतं का, 'रविवारी गाडी सुरू करत जा, पडून राहिली की बॅटरी उतरते.' दुसरं काही म्हणजे काही मागितलं नाही त्या माणसाने… हो, ते गेल्यावरही. एक रविवार चुकवला नाही. तू आली होतीस तेव्हा दूध आणायला म्हणून उतरले, ती इथेच… सांगितलं असतं तर रडत बसली असतीस.

अगं, तेच तर! ती सुरू होतच नव्हती. मेकॅनिक म्हणाले, 'काकू, तुम्ही चावी अर्धीच फिरवत होतात.' अर्ध्या चावीवर नुसता रेडिओ लागतो म्हणे. इंजिन बंदच, वर बॅटरी खाल्ली जाते… मला काय ठाऊक! बाबा सुरू करायचे तेव्हा मी वर ओट्याशी. मला गाणीच ऐकू यायची. गाणं लागलं की गाडी सुरू झाली, असंच धरून चालले… हस, हस. मेकॅनिकही हसले आधी. मग मान खाली घालून बॅटरी सोडवायला लागले बिचारे.

अर्धी का म्हणजे?… हात पोचायचा नाही… अगं, माझ्या सीटवरून फिरवायची ना मी. शेजारून, वाकून… त्यांच्या जागेवर कशी बसू गं?

हॅलो? आहेस ना?… रडू नकोस. आता मलाच बघ, एवढं एक काम सांगून गेले, आणि तेही माझ्या हातून… नाही, बोलू दे मला. जपायला म्हणून यायची आणि मीच संपवत होते.

थांब हं… काय दादा? मी?… तुम्हीच बसा ना… अगं, नवी बॅटरी बसवून झाली. ते तिकडे बॉनेटपाशी बघतायत, मला चावी फिरवायला सांगतायत. म्हणजे त्या सीटवर… नाही, तू फोन ठेवू नकोस. आहेस ना?

…बसले.

अगंबाई, पायच पोचत नाहीत. किती मागे घेऊन बसायचे! ताडमाड उंच माणूस… नको, नको, सीट नाही सरकवायची. राहू दे तशीच. मी टोकावर बसते… हो दादा. गिअर बघितलात ना? पूर्ण फिरवू?…

ऐकलंस? झाली! झाली गं सुरू!… केवढी थरथरते. असा आवाज होता होय हिचा… नाही, रेडिओ गप्प आहे. बॅटरी काढली की बाबांनी लावून ठेवलेलं सगळं पुसलं जातं म्हणे. घड्याळही. शून्य दाखवतंय…

तुला आठवतं ना, बाबा घड्याळ मुद्दाम पुढे लावून ठेवायचे? मी आवरायला वेळ लावते म्हणून. हॉर्न वाजवायचे, आणि मी पदर खोचत पळत यायची. आत बसले की घड्याळाकडे बोट… कळायचं गं मला. न कळायला काय झालं! तरी पळायची.

काय दादा?… वेळ लावू का विचारतायत… लावा. पण थोडी पुढे… हो, चुकीचीच. असू दे.

ठेवू का गं आता?… कुठे जायचंय मला? इंजिन जरा वेळ चालू ठेवा म्हणालेत. बसते इथेच… नाही, रडत नाहीये. आयुष्यभर उशीर केला ना मी. आज बघ, आधीच येऊन बसलेय. आणि हॉर्न वाजवायला कोणी नाही…

हं… हो. ठेवते.