तुरुंगाचा सिनेमा

कासाब्लांकातल्या गल्लीत भट्टीपुढे रांग लागली होती. भाजायच्या पावांची परात घेऊन मीलूद उभा होता. त्याच्या पाठीमागे दोन म्हातारे बोलत होते.

"तो तुरुंगाचा सिनेमा पाहिलास, बूशाईब? निव्वळ थापा!"

"मला तर रडू आलं, हाजी."

"कैदी किंचाळतायत काय, शिव्या देतायत काय! अरे, डोळ्यांवर पट्टी बसली की माणूस चिडीचूप होतो. नुसती पावलं मोजतो."

"तू होतास का रे कैदेत?"

"मी? अल्लाची कृपा, कधीच नाही! आणि ती ढकलाढकली कशाला दाखवायची? खांद्यावर एक बोट टेकवलं की मुकाट चालायचे सगळे."

रांग हलली. मागून मीलूदच्या खांद्यावर एक बोट टेकलं.

"सरका पुढे, भाऊ," हाजीचा आवाज आला.

मीलूदचे डोळे आपोआप मिटले. एक. दोन. तीन.