इस्त्री कोणी विसरली?

...आणि वर मलाच विचारतात, ‘जावईबापू, हे धादांत खोटं लिहिलं कोणी?’ आता काय सांगू तुम्हाला, आदल्या सकाळी याच खुर्चीत बसून, याच तोंडानं यांनीच सांगितलं, मी टाइप केलं, आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं की ही तऱ्हा. पण मी पडलो जावई, मी काय बोलणार?

झालंय असं, की माझे सासरे आत्मचरित्र सांगतायत आणि मी उतरवून घेतोय. वय एक्याऐंशी, आठवण कधी असते, कधी नसते. म्हणून बायको म्हणाली, ‘अहो, सगळं विसरायच्या आत लिहून घ्या.’ घेतोय की. पण चार महिने गाडी एकाच प्रकरणावर अडली होती... त्यांच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान जळालं, ते. सासरे तेव्हा नऊ वर्षांचे. कोळशाची पेटती इस्त्री कापडावर विसरले, दुकान खाक, वडिलांनी बडव बडव बडवलं आणि काकांकडे धाडलं, ते थेट नोकरी लागेपर्यंत.

आता बघा, सोमवारी इस्त्री पँटवर होती. मंगळवारी कोटावर. बुधवारी हे बाहेर गोट्या खेळत होते, गुरुवारी आतच डुलकी लागली होती. आणि दर वेळी असं सांगतात ना, जळक्या कापडाचा वास माझ्या नाकात शिरतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी... खोटं म्हणायची छाती होत नाही हो. चारही टाइप केले. पण छापायचं कुठलं? मी जावई, मी काय बोलणार?

म्हणून गेलो त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आमच्या आत्याबाईंकडे. चष्मा पुसत त्यांनी चारही पानं ऐकली आणि म्हणाल्या, ‘तो दुकानात नव्हताच. तापानं फणफणला होता, घरी झोपला होता. इस्त्री मी विसरले. वडील मोजायचा गज घेऊन माझ्यावर धावले, तर हा अंथरुणातून उठून म्हणाला, ताप उतरला होता, मीच गेलो होतो. आणि मी गप्प बसले, जावईबापू. बहात्तर वर्षं. आता डोळे मिटायच्या आत तिथे माझं नाव छापा.’

म्हणजे विचार करा, ज्या वासानं हा माणूस आजही रडतो, तो वास त्यानं कधी घेतलाच नाही. नऊ वर्षांच्या पोरानं एक थाप मारली आणि जन्मभर तिच्यातच राहायला गेलं. कसलं म्हणायचं हे डोकं?

दुसऱ्या दिवशी आत्याबाई स्वतः आल्या. त्यांच्यादेखत मी पाचवं पान वाचलं. ताप भावाला, इस्त्री बहिणीच्या हातात. या माणसाला माझं नाव आठवत नाही, सकाळी जेवलो की नाही आठवत नाही, पण शांतपणे म्हणाले, ‘काढा ते. ताप ताईला होता. मीच तिच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवून दुकानात गेलो.’

‘अरे, घड्या मी ठेवल्या होत्या तुझ्या कपाळावर,’ आत्याबाई म्हणाल्या.

‘तापात माणसाला काहीही वाटतं, ताई. तू पड जरा.’

उठून त्यांनी बहिणीच्या कपाळाला हात लावला. इतक्या मायेनं लावला, तुम्हाला सांगतो, की मलाच घटकाभर वाटलं, असेल थोडा ताप. आत्याबाई माझ्याकडे बघतायत. मी जावई, मी काय बोलणार?

काल आत्याबाईंचा फोन आला. ‘जावईबापू, तो म्हणतो तेच छापा. मी रात्रभर आठवत होते... अंगात कणकण होती खरी माझ्या.’

मग काय, दिलं छापायला.