ताईला जमेल अशी चाल

ताई: अरे, पण मीच का? तुझ्या क्लासला एवढी गाणारी माणसं येतात.

भाऊ: म्हणूनच. ती काहीही गातील. सोमवारपासून नवे विद्यार्थी येताहेत, निम्मे तर नोकरीतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी चाल तोंडात बसली नाही तर पुन्हा फिरकायचे नाहीत. मला न गाणारं माणूस हवंय.

ताई: वा. पहिल्यांदाच कामाला आला म्हणायचा माझा गळा.

भाऊ: पाचच सूर आहेत. दोन ओळी म्हटल्यास की मघाशी. आता तिसरी.

ताई: तिसरीत तू एकदम वरच्या मजल्यावर उडी मारतोस. मी खालीच राहते.

भाऊ: ती उडी म्हणजे चालीचा जीव आहे गं. पुन्हा बघ.

ताई: तीनदा बघितलं. दमही पुरत नाही. श्वास कुठे घ्यायचा ते तरी सांग.

भाऊ: जरा मनावर घेतलंस तर जमेल.

ताई: शाळेतही असंच म्हणाला होतास. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "ताई, तू नुसते ओठ हलव."

भाऊ: मी?

ताई: समूहगीताला बाईंनी तुला पुढे उभं केलं होतं. मी मागच्या रांगेत.

भाऊ: नऊ वर्षांचा होतो मी.

ताई: माहितेय. म्हणून तर रागावले नाही. पण पुन्हा गायले नाही. लेकीला झोपवतानासुद्धा रेडिओ लावायचे.

भाऊ: कधी बोलली नाहीस.

ताई: बोलून काय करणार होते? तू पेटी उघडलीस की मी चहा टाकायला उठायचे. वाईट वाटायचं रे. अजून वाटतं.

भाऊ: थांब जरा. ही उडी काढतो. ग, म, मग प, अशा पायऱ्या करू. आणि इथे श्वास.

ताई: अरे, चालीचा जीव म्हणालास ना?

भाऊ: माझ्या हौसेचा होता तो. चालीचं काही अडत नाही. चल, "खिडकी उघड, येऊ दे ऊन." मी बरोबर वाजवतो.

(दोघं सुरू करतात. तिसऱ्या ओळीला पेटी थांबते. ताई ती ओळ एकटीच पूर्ण करते.)

ताई: थांबलास का? चुकले?

भाऊ: नाही गं. ऐकत होतो.

ताई: मग वाजव ना. चौथी ओळ राहिलीय अजून.