लाल भिंत संपली की डावीकडे

(मुलीने आराखडा केलेलं पहिलं घर. रंगकाम नुकतंच आटोपलंय, सामान अजून आलेलं नाही. जन्मभर बांधकामात घालवलेले वडील ते पाहायला आलेत.)

बाबा: …म्हणजे चित्रकारांच्या डोक्यात आलं, आणि तू त्यावर घर उभं केलंस?

ठमी: शंभर वर्षं झाली त्याला. रेघ मारायची ती आडवी नाहीतर उभी. रंग तीनच: लाल, पिवळा, निळा. सोबतीला पांढरा, काळा, राखाडी. पुढे घरं बांधणाऱ्यांनी तेच उचललं.

बाबा: आणि ज्याला त्यात राहायचंय, त्याला कुणी विचारलं?

ठमी: मालकीणबाई खूश आहेत. तुम्ही नाक मुरडणार, हे मी धरूनच चालले होते.

बाबा: मी कुठे काय म्हणालो?

ठमी: कॉलेजात होते तेव्हापासून म्हणताय. 'घर आहे की पोरांचे ठोकळे?' तुमच्या एकाही इमारतीला कधी पांढऱ्याशिवाय दुसरा रंग लागला नाही.

बाबा: पांढऱ्यात गवंड्याची चूक लपत नाही.

ठमी: बरं, वर चला. हात देऊ? कठडा अजून बसायचाय.

बाबा: नको. पायरीची कड पिवळी आहे, दिसतेय. हे बरं केलंस.

ठमी: काय म्हणालात?

बाबा: बरं केलंस म्हणालो.

ठमी: तब्येत ठीक आहे ना तुमची?

बाबा: शहाणपणा पुरे. खोल्या कुठे? थांब, सांगू नकोस. लाल भिंत संपली की डावीकडे. निळं ते दार. बरोबर?

ठमी: बरोबर. मालकीणबाई अजून चुकतात.

बाबा: चुकायचंय काय त्यात? घर आपणहून सांगतंय की सगळं… आई गं.

ठमी: बाबा! लागलं? खांब आहे तो.

बाबा: हा कुठून आला मध्येच?

ठमी: इथेच आहे. राखाडी आहे, मागची भिंतही राखाडी… एवढा जाडजूड खांब तुम्हाला दिसला नाही?

बाबा: बोलण्याच्या नादात राहून गेला.

ठमी: ओळंबा न लावता भिंतीचा कल सांगणारा माणूस खांबावर आपटतो? इकडे बघा माझ्याकडे. कधीपासून?

बाबा: काय कधीपासून?

ठमी: बाबा.

बाबा: …गेल्या वर्षापासून. काचबिंदू. गेली ती नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल म्हणतात. फिकट गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. आणि आपल्या घरी सगळंच पांढरं. भिंत कुठे संपते, दार कुठे सुरू होतं, चाचपत बसतो.

ठमी: आणि मला पत्ता नाही.

बाबा: तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन दारात उभी राहिली असतीस.

ठमी: तेच करणार आहे आता.

बाबा: म्हणूनच तोंड उघडलं नाही. तुझ्याकडे मला काही कमी पडणार नाही, ठाऊक आहे. पण ते घर मी बांधलंय. तुझ्या आईबरोबर तिथे राहिलो. माझा चहा मला तिथेच करून प्यायचाय.

ठमी: आणि पडलात म्हणजे?

बाबा: आत्ता जिना चढलो. धरलं होतंस?

ठमी: नाही.

बाबा: दार सापडलं. कुणी दाखवलं?

ठमी: कुणी नाही.

बाबा: मग झालं तर. वर्षभरात पहिल्यांदा एखाद्या घरात न चाचपता चाललो. तुझ्या चित्रकारांच्या मनात काय होतं ते असो, मला फार छान वाटलं पोरी.

ठमी: आता रडवू नका. कपाळ दाखवा.

बाबा: टेंगूळ आहे, उतरेल. हा खांब मात्र रंगवून घे.

ठमी: राखाडी त्यांच्या नियमात बसतो.

बाबा: त्यांचं कपाळ आपटलं नसेल कधी.

ठमी: बरं, रंगवते. पण यापुढे डॉक्टरांकडे मी बरोबर येणार. तेवढं कबूल करा.

बाबा: कबूल. आणि रविवारी रंगारी घेऊन घरी ये.

ठमी: आपल्या घरी? लाल, पिवळा, निळा?

बाबा: भिंती, चौकटी, तुला हवं ते कर. तुझ्या आईची खोली…

ठमी: ती पांढरीच ठेवू?

बाबा: नको. तिचं दार सगळ्यात आधी रंगव. तेच मला सापडत नाही.