खाणीतलं चाक

खाडीच्या तरीवर होडीची वाट बघत बसलेल्या आवडाबाईच्या पाठीमागं दोघे परके बाप्ये बोलत होते. एक मुंबईच्या गिरणीतला फिटर, दुसरा त्याचा मेव्हणा रघू.

"बंद खाणीत असं यंत्र असेल, हे मनातसुद्धा नव्हतं माझ्या. खरवसाच्या वड्या पाडाव्यात तसा काळा दगड कापलाय त्यानं."

"पुलाच्या कामाला ठेकेदारानं आगबोटीनं आणलेलं, भावोजी. पूल झाला, ठेकेदार गेला. त्याला किती पावसाळे लोटले."

"मग गंज कुठाय? आमच्या गिरणीत तेल चुकलं तर चाक हलत नाय. इथं एका हातानं ढकललं, तर गरागरा फिरलं."

"दांड्याला ताजं तेल होतं. खोबरेलाचा वास येत होता."

"आणि वर झेंडूची माळ. परवाच्या दसऱ्याची."

"राखणदाराचं ठिकाण समजून वाहिली असेल कुणी."

"राखणदाराला नारळ देतात, रघू. सांध्यासांध्यात तेल नाय घालत. हा माणूस यंत्राचा जीव जाणणारा आहे. भेटला तर पाया पडेन त्याच्या."

होडी लागली. दोघांनी आवडाबाईला आधी चढायला वाट दिली. फळीवर पाय ठेवता ठेवता ती थांबली.

"बाबांनो, चाक फिरवलंत ते कुठल्या अंगाला?"

"खाणीच्या तोंडाकडे, आजी. का?"

"मग बरं." खोबरेलाची रिकामी बाटली तिनं पदराखाली सारली. "उलटं फिरवलेलं आमच्या ह्यांना खपत नसे."