उन्हातली राखण

हुणसूरच्या बसच्या रांगेत माझ्या पुढं दोघी शेजारणी बोलत होत्या.

“अंबाबाई, तुझ्या सासऱ्यांचं कासवाचं पिल्लू थंडीत झोपलंय काय गं?”

“झोपू देत नाही. आपल्याकडं दुपारी ऊन तापतं, मग ते जागं होतं आणि खाल्ल्याशिवाय खंगत जातं. म्हणून मामंजी सकाळीच त्याला अंगणात नेतात, पाला चारतात.”

“हौदा, खरंच? कमाल आहे त्यांची. सासूबाई गेल्यापासून खाटेवरून उठत नव्हते ना?”

“डॉक्टर सांगून थकले, उन्हात बसा म्हणून. आता दुपारपर्यंत तिथून हलत नाहीत. मुंगूस पिल्लू उचलून नेईल म्हणतात.”

“आपल्या गल्लीत कधी आलंय मुंगूस?”

“त्यांच्यापुढं हे बोलू नको हं, कावेरी. मुंगसाचं मीच सांगितलंय.”